तीन खणांचं माजघर, बारा पटींनी लहान

मंडळाच्या यंदाच्या प्रदर्शनात जुने दस्तऐवज आणि फोटो यांच्या शेजारी एक छोटी खोली मांडली होती. लांबी साधारण सोळा इंच, एक बाजू उघडी, आत एक झोपाळा, दोन कोनाडे आणि एका कोपऱ्यात राखाडी रंगाचा एक ओबडधोबड ठोकळा. बघणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी "कशी केली?" आणि "खर्च किती आला?" हे दोन प्रश्न विचारले. ठोकळ्याबद्दल तर जवळजवळ प्रत्येकानं विचारलं. त्या सगळ्यांसाठी हे टिपण. कृती सांगतो, पण आधी मी कुठे चुकलो ते सांगावं लागेल.

ती खोली म्हणजे वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका गल्लीतल्या घराचं माजघर. माझ्या आत्याच्या सासरचं घर. फार मोठं नाही, वाडा म्हणावं असंही नाही. पुढे ओसरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे चौक आणि मोरी. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांबरोबरच्या सामाईक भिंती, त्यामुळे उजेड फक्त पुढून आणि मागून. गायकवाडांची सत्ता या शहरात १७३४ पासून. त्यांच्यामागोमाग आलेल्या कारकून, शिलेदार, भिक्षुक घराण्यांनी अशी घरं बांधली, वाढवली, वाटून घेतली. रावपुऱ्यातला भाऊ तांबेकरांचा वाडा त्यातल्या भित्तिचित्रांमुळे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि ते योग्यच आहे. पण दिवाणाचा वाडा राहिला आणि त्याच दिवाणाच्या कचेरीत लेखणी चालवणाऱ्या माणसाचं माजघर एकही राहिलं नाही, असं उद्या म्हणावं लागेल. अशी घरं पाडली जातात तेव्हा बातमी होत नाही.

आत्याचं घर पाडायचं ठरलं तेव्हा शेवटच्या आठवड्यात मी टेप घेऊन गेलो. सामान बांधणं चाललं होतं. पश्चिमेच्या भिंतीला छतापर्यंत ट्रंका, गाद्या, पिंपं रचलेली. मी जमिनीची मापं घेतली, दारं मोजली, उंबरे मोजले. खोली खणांत मोजली, कारण ती बांधणाऱ्यानं तशीच बांधली होती. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. आपल्या जुन्या कागदांत "तीन खणी", "पाच खणी" घर लिहिलेलं असतं ते हेच. या घरात खण पाच फूट दोन इंचांचा, म्हणजे तीन खणांचं माजघर साडेपंधरा फूट लांब. रुंदी दहा फूट तीन इंच. स्वयंपाकघराचं दार पाच फूट तीन इंच उंच. सगळं वहीत लिहिलं आणि तुळईची उंची उद्या शिडी आणून घेऊ म्हणून निघालो. तीस वर्षं कारखान्यात नकाशे तपासण्यात घालवलेल्या माणसानं उंची उद्यावर टाकली! दुसऱ्या दिवशी कामात अडकलो, तिसऱ्या दिवशी कौलं उतरली होती.

मग मी फोटोवरून उंची काढली. आत्याच्या लग्नानंतरचा, १९६१ सालचा एक फोटो आहे. ओसरीतून आत बघत काढलेला. मागे स्वयंपाकघराचं दार, वर पहिली तुळई. दाराची उंची माहीत होती, म्हणून फोटोत दार किती मिलिमीटर आणि जमिनीपासून तुळई किती मिलिमीटर हे मोजून त्रैराशिक मांडलं. नऊ फूट आले. त्या उंचीचं मॉडेल केलं आणि आत्याला दाखवायला घेऊन गेलो.

आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. तिनं चष्मा पुसला, वाकून आत बघितलं आणि म्हणाली, "अरे, छान केलंयस. पण हे आपलं माजघर नव्हे. ही तर कचेरी झाली."

"अगं, मापं घेतलीत मी."

"घेतली असशील. तुझे काका झोपाळ्यावर उभं राहून तुळईवरची जळमटं काढायचे तर मान तिरकी करावी लागायची त्यांना. इथे तर ते शिडीशिवाय पोचणार नाहीत."

आकडा तिला सांगता येत नव्हता, पण चूक तिनं पाच सेकंदांत धरली. घरी येऊन विचार केला तेव्हा माझं गणित कुठे फसलं ते कळलं. फोटोत तुळई कॅमेऱ्याजवळ होती आणि दार पंधरा-वीस फूट मागे. जवळची वस्तू मोठी दिसते. डोळ्यांच्या पातळीच्या वर असलेली जवळची वस्तू तर फोटोत आणखी वर सरकते. दूरच्या दाराच्या पट्टीनं जवळची तुळई मोजली की उंची फुगणारच. एका फोटोतून माप काढायचं तर माहीत असलेली वस्तू आणि मोजायची वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असायला हवी, हा शाळकरी नियम मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागेवर गेलो. घर गेलं होतं, पण पूर्वेकडची सामाईक भिंत शेजाऱ्यांची म्हणून उभी होती आणि तिच्या आमच्या बाजूवर सगळं माजघर लिहिलेलं होतं. तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरायची त्या चौकोनी खाचा. निळीच्या चुन्याचा गिलावा, खाली हात पुसून तेलकट झालेला. पुढे स्वयंपाकघराच्या जागी काजळी, आणि ती जिथे सरळ रेषेत थांबते तिथे मधली भिंत. दोन कोनाडे, एकाच्या माथ्यावर पणतीचा काळा ठसा. जमिनीची रेघही स्पष्ट होती. मजुरांनी मागच्या बाजूनं सिमेंटचा गिलावा चढवायला सुरुवात केली होती आणि दुपारपर्यंत ते माजघरापर्यंत पोचणार होते.

खाच शिडीवाचून हाताला लागत नव्हती, म्हणून विटा मोजल्या. गिलावा पडलेल्या भागात दहा थर सांध्यांसकट पंचवीस इंच भरले, म्हणजे थराला अडीच इंच. जमिनीच्या रेघेपासून तुळईच्या खाचेच्या तळापर्यंत पस्तीस थर. साडेसत्त्याऐंशी इंच, सात फूट साडेतीन इंच. माझ्या नऊ फुटांपेक्षा वीस इंच कमी. झोपाळ्याची फळी जमिनीपासून दीड-पावणेदोन फुटांवर, तिच्यावर साडेपाच फुटी माणूस उभा राहिला तर तुळईखाली कसाबसा मावतो, आणि वरचं झाडायचं तर मान तिरकी करावीच लागणार. आत्याचं म्हणणं विटेच्या थरानं खरं ठरवलं. कोनाड्यांची मापं घेतली, भिंतीची जाडी पुढच्या उघड्या कडेवर मोजली, अठरा इंच. फोटो काढले. साडेबाराला ती भिंत सपाट राखाडी झाली.

तुमच्या आजूबाजूला जुनं घर पडत असेल तर सामाईक भिंत आधी बघा, एवढंच सांगणं आहे. घरात सामान असताना जे दिसत नाही ते तिथे चार-आठ दिवस दिसतं.

आता कृती.

प्रमाण १:१२ घेतलं. एका फुटाला एक इंच, त्यामुळे फूट-इंचात मोजलेली जुनी घरं डोक्यातल्या डोक्यात उतरतात. कापताना मिलिमीटरची पट्टी वापरायची असेल तर फुटाला २५.४ आणि इंचाला २.१ मिमी. माजघर झालं ३९४ मिमी लांब, २६० रुंद आणि तुळईखाली १८५ उंच. ही आतली मापं. बोर्डाची जाडी नेहमी बाहेरच्या अंगाला धरायची. आतल्या मापातून जाडी खाल्ली गेली की कोपरे जुळत नाहीत आणि मग दोष कटरला दिला जातो.

भिंतींसाठी पाच मिमीचा सनबोर्ड वापरला. फ्लेक्स आणि पाट्या करणाऱ्या दुकानांत कापून उरलेले तुकडे वजनावर किंवा फुकटही मिळतात. मला वीस रुपयांत पिशवीभर मिळाले. बाकी सगळ्याला पुस्तकबांधणीचा राखाडी पुठ्ठा, दोन मिमीचा. फेविकॉल, कटरच्या नव्या पात्यांची डबी, स्टीलची पट्टी. सगळा हिशेब सहाशे रुपयांच्या आत बसला आणि त्यातले शंभर तर झोपाळ्याच्या साखळीला गेले. याआधी थर्माकोलच्या गाभ्याचा फोम बोर्ड वापरून पाहिला होता. रबरी सोल्यूशन लावल्याबरोबर गाभा विरघळून कडेला गुहा झाली. फोम बोर्ड वापरायचाच असेल तर पांढऱ्या फेविकॉलवर राहावं. सनबोर्ड विरघळत नाही, पण तो ओलही शोषत नाही. म्हणून जोडायच्या कडा आधी पॉलिश पेपरनं खरखरीत करायच्या, आणि टाचण्या व मास्किंग टेपनं आवळून रात्रभर सोडून द्यायचं. कापताना एका दमात कापायचं नाही. पहिल्यांदा हलकी रेघ, दुसऱ्यांदा अर्ध्यापर्यंत, तिसऱ्यांदा आरपार. पातं बोथट वाटण्याच्या आधी बदलायचं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट भिंतीची जाडी. बहुतेक मॉडेलं इथेच पडतात. पाच मिमीचा एक पत्रा उभा केला की १:१२ मध्ये ती सव्वादोन-अडीच इंचांची भिंत होते, म्हणजे आजच्या फ्लॅटमधल्या पार्टिशनपेक्षाही पातळ. त्यात कोनाडा बसत नाही, म्हणून लोक कोनाडा चित्रासारखा रंगवतात. खरी भिंत अठरा इंच, म्हणजे मॉडेलमध्ये ३८ मिमी. मी दोन पत्रे घेऊन त्यांच्यामध्ये २८ मिमीच्या पट्ट्या उभ्या टाकल्या. पाच, अठ्ठावीस, पाच. आतल्या पत्र्यात कोनाड्याचं भोक कापून मागे पुठ्ठ्याची पेटी चिकटवली. खरा कोनाडा चौदा इंच रुंद, अठरा इंच उंच, नऊ इंच खोल. मॉडेलमध्ये साधारण ३० बाय ३८ मिमी आणि १९ खोल. दाराची चौकटही याच जाडीत बसते, त्यामुळे उंबरा ओलांडून जाण्याचं अंतर दिसतं. हे केल्यावर खोली एकदम जड झाली, म्हणजे नजरेला जड. थंडावा आल्यासारखं वाटतं असं एक जण म्हणाले, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

गिलाव्यासाठी फेविकॉल, पाणी आणि खडूची पूड एकत्र करून बोटानं लावली. ब्रशनं लावू नये, भिंत फार गुळगुळीत होते. चुन्याच्या भिंतीचे कोपरे धारदार नसतात, अंगठ्यानं दाबून गोल करायचे. सुकल्यावर पांढऱ्या पोस्टर रंगात कपड्याच्या निळीचे थेंब. पुठ्ठ्याच्या कामात एक गोष्ट पाळायची: रंग दोन्ही बाजूंना द्यायचा. माझ्या पहिल्या मॉडेलची तक्तपोशी एकाच बाजूनं रंगवली होती. पावसाळ्यात ती पापडासारखी वळली. पुठ्ठ्याला लाकडासारखा उभा-आडवा कल असतो. तुकडा दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहिला तर ज्या दिशेनं सहज वाकतो तो कळतो. लांब तुकडे अशा रीतीनं कापावेत की ते लांबीत ताठ राहतील.

तुळयांची जाडी मला अनपेक्षितपणे मिळाली. जुनं सागवान विकत घेणाऱ्याच्या टेम्पोत आमच्या दोन्ही तुळया होत्या. नऊ इंच बाय सात इंच, आणि एकेकीला झोपाळ्याच्या दोन-दोन कड्या अजून अडकवलेल्या, घासून चांदीसारख्या झालेल्या. त्यामुळे झोपाळा मधल्याच खणात होता हे पक्कं झालं. मॉडेलमध्ये तुळई १९ बाय १५ मिमी, पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून. सागाचा रंग आणायला विड्याचा कात कोमट पाण्यात कालवून दोन हात दिले. पुठ्ठा तो छान पितो. तुळयांवर कड्या, कड्यांवर आइसक्रीमच्या काड्यांची तक्तपोशी.

छत लावायचंच. पुष्कळ लोक छत काढून वरून बघायची सोय करतात. त्यानं खोली ताटासारखी दिसते, आणि माजघर वरून कोणी पाहिलेलं नसतं. ते जमिनीवर पाटावर बसून पाहिलेलं असतं. म्हणून मी मॉडेलची जमीन प्रदर्शनात चार फूट नऊ इंचांवर ठेवली, म्हणजे उभ्या माणसाचे डोळे आतल्या बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या जरा वर येतात. मुलांसाठी स्टूल ठेवावं लागलं, आणि मुलांनी ते सोडलं नाही. दिवा छतात लावायचा मोह आवरावा. दिवाळीच्या माळेतला एक पिवळा एलईडी ओसरीच्या दाराबाहेर आणि एक स्वयंपाकघराच्या दाराबाहेर लावला. मधल्या खणात अंधूकच राहिलं. तसंच असायचं ते.

भांड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी. घरात पितळी भातुकली असेल तर ती आत मांडावीशी वाटेल. मांडू नका. भातुकलीतलं दोन इंची पातेलं या माजघरात दोन फुटी होतं, म्हणजे लग्नातला हंडा. ताटासाठी पाण्याच्या बाटलीचं झाकण जवळपास बरोबर, फुटापेक्षा जरासं मोठं. तांब्याला दहा मिमीचा मणी. झोपाळ्याची फळी पाच फूट बाय दीड फूट, म्हणजे १२७ बाय ३८ मिमी.

खोलीला साल द्यावं लागतं, हे मला काम करता करता कळलं. १९७० नंतर त्या घरात कोटा फरशी आली, ट्यूबलाइट आली. त्याआधी शेणानं सारवलेली जमीन होती. दोन्ही एकत्र मांडलं तर ती कोणत्याच दिवसाची खोली नव्हे. मी १९६१ धरलं, कारण फोटो त्या सालचा, आणि आत्या या घरात आली तेही त्याच साली. मुंबई राज्याचे दोन भाग होऊन वर्ष झालं होतं. पुण्याहून आलेली नवी सून "मी परराज्यात दिली गेले" म्हणायची आणि सगळे हसायचे. जमीन म्हणून पुठ्ठ्यावर लाकडाचा भुसा, फेविकॉल आणि मातकट रंगाचा लेप दिला आणि बोटांनी सारवलं.

मॉडेल करणं हा या शहराला नवा उद्योग नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं, तिथे हाताची कामं आणि तंत्रशिक्षण एका छताखाली होती. दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी. चित्रपटाच्या कितीतरी आधी, १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांना आदर्श नाट्यगृहाच्या मॉडेलबद्दल सुवर्णपदक मिळालं होतं. ते मॉडेल व्हायच्या वास्तूचं होतं. आपण करतोय ते होऊन गेलेल्या वास्तूचं, आणि यात एक धोका जास्त आहे. नसलेलं नाट्यगृह कसंही कल्पा, ते खोटं ठरत नाही. माजघरात मी एक नसलेलं फडताळ ठेवलं तर दहा वर्षांनी कोणीतरी तेच पुरावा म्हणून दाखवील. शिकागोच्या कलासंग्रहालयात श्रीमती थॉर्न यांच्या अडुसष्ट छोट्या खोल्या आहेत, याच प्रमाणातल्या. त्यांचे फोटो पाहताना मला नेहमी वाटतं की यातलं मोजलेलं किती आणि सजवलेलं किती, हे खोलीकडे बघून सांगता यायला हवं होतं.

म्हणून माझा नियम असा: जे मोजलं, जे फोटोत दिसतं किंवा जे दोन माणसांनी एकमेकांना न विचारता सारखंच सांगितलं, तेच रंगवायचं. बाकीचं कोऱ्या राखाडी पुठ्ठ्यात ठेवायचं. मॉडेलची उघडी बाजू पश्चिमेची आहे, तीही याच कारणानं. त्या भिंतीला ट्रंका रचलेल्या होत्या, तिची मापं माझ्याकडे नाहीत, म्हणून ती केलीच नाही.

आणि कोपऱ्यातला ठोकळा. आग्नेय कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या दाराजवळ काहीतरी होतं; सामाईक भिंतीवर तिथे गिलाव्याचा रंग जरा वेगळा, साडेतीन फुटांपर्यंत. आत्या म्हणते तिथे जातं होतं. तिचे धाकटे दीर म्हणतात, जातं मागच्या चौकात, या कोपऱ्यात लोणच्याच्या बरण्यांची लाकडी मांडणी. दोघांना समोरासमोर बसवून पाहिलं, तासभर भांडले आणि चहा पिऊन उठले. मी भिंतीवरच्या डागाएवढा, ४२ इंचांच्या मापाचा राखाडी ठोकळा करून ठेवला.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या एक आजी आल्या. स्टुलावर चढून बराच वेळ आत बघत होत्या. उतरून म्हणाल्या, "इथे सोवळ्याची पेटी होती. आम्ही मुली तिला शिवू नये म्हणून लांबून झोपाळ्यावर बसायचो." मी त्यांचं सांगणं तारखेसह वहीत लिहून घेतलं. आता तीन म्हणणी झाली. ठोकळा अजून राखाडीच आहे.